जुना पोर्टेबल शॉर्टवेव्ह रेडिओ घरी दुरुस्त करताना

माळ्यावरून उतरवलेला ट्रान्झिस्टर हातात आला की आधी हात जातो तो सेलकडे. घालून बघू, वाजतोय का. तेवढं एक करू नका. वीस-तीस वर्षं पडून राहिलेल्या सेटमध्ये एखादा कंडेन्सर आतल्या आत शॉर्ट झालेला असू शकतो, आणि नवे ताजे सेल त्यातून इतका करंट ढकलतात की त्याच्या शेजारचा धडधाकट भागही जातो. आधी उघडायचं, बघायचं, साफ करायचं, आणि मग बेताबेताने वीज द्यायची.

माझ्या टेबलावर आजवर जे सेट आले, त्यांतल्या बहुतेकांचा बिघाड हलणाऱ्या किंवा गंजणाऱ्या जागी निघाला: सेलच्या पट्ट्या, बँड स्विच (मीडियम वेव्ह-शॉर्टवेव्ह बदलायचा), इअरफोनचं सॉकेट, एरियलची वायर, डायलचा दोरा. खरोखर गेलेला ट्रान्झिस्टर, म्हणजे आतला तो सुटा भाग, फार कमी वेळा सापडला. म्हणून हा सगळा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे. आधी हाताने आणि डोळ्यांनी सापडणारे बिघाड, मग मीटरने सापडणारे, आणि कॉइलचे स्क्रू सगळ्यात शेवटी.

समोर धरलेला सेट आपल्याकडे सत्तरच्या दशकात घरोघरी असायचा तसला आहे. एक मीडियम वेव्ह, दोन शॉर्टवेव्ह, चार मोठे सेल म्हणजे ६ व्होल्ट, आत सात-आठ ट्रान्झिस्टर आणि एका बाजूला तांब्याच्या रेघा असलेली तपकिरी प्लेट. नंतरच्या एकाच आयसीवर (चिपवर) चालणाऱ्या सेटलाही यातलं बरंचसं लागू पडतं. व्हॉल्व्हच्या रेडिओला मात्र यातलं काहीही लावू नका. तिथे शेकडो व्होल्ट असतात आणि काही सेटमध्ये चासीच (आतला धातूचा सांगाडा) थेट मेन्सला जोडलेली असते. तुमच्या ट्रान्झिस्टरमध्ये मेन्सची वायर जाण्याची सोय असेल, तर ती वायर काढून बाजूला ठेवा. सगळं काम सेलवरच करायचं.

सामान

२५ वॉटचं सोल्डरिंग आयर्न, राळ असलेली बारीक सोल्डर वायर, सोल्डर ओढायचा पंप, साधं डिजिटल मीटर, बारीक पेचकस, जुना टूथब्रश, आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे. हा स्प्रे इलेक्ट्रॉनिक कॉन्टॅक्टसाठीचाच घ्या. गंजलेले नट सोडवायला वापरतात तो तेलकट स्प्रे स्विचमध्ये मारला की चार दिवस बरं वाटतं, मग त्यावर धूळ चिकटून राप बसतो. यांशिवाय चालू अवस्थेतला एक दुसरा रेडिओ लागेल. तो का, ते पुढे येईल.

सुटे भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास मिळतात. जुने जर्मेनियम ट्रान्झिस्टर दुकानात मिळणं अवघड झालंय. त्यासाठी जुन्या बाजारातून एखादा मोडका सेट घेऊन त्याचे भाग काढून ठेवावेत. डायलची काच, गँग (स्टेशन लावायचा कंडेन्सर), बटणं, सगळंच उपयोगी पडतं.

उघडताना

मागचं झाकण काढण्याआधी डायलच्या काट्याची जागा बघून ठेवा: बटण एका टोकाला फिरवल्यावर काटा कुठे थांबतो, दुसऱ्या टोकाला कुठे. त्याचा फोटो काढा. मग प्रत्येक पायरीला फोटो काढत चला, विशेषतः डायलच्या दोऱ्याचा आणि एरियल, स्पीकर, सेलच्या कप्प्यापासून येणाऱ्या वायरींचा. दोरा कोणत्या पुलीवरून आत जातो आणि कोणत्या बाजूने बाहेर येतो, हे त्या वेळी अगदी उघड दिसतं आणि तो तुटल्यावर तासभर आठवत नाही.

बटणं ओढून निघतात. घट्ट असतील तर बटणाखालून सुती कापडाची पट्टी घालून दोन्ही टोकं सरळ वर ओढा. पेचकसाने उचकटलं की कॅबिनेटवर कायमचा ओरखडा राहतो. स्क्रू लहान-मोठे असतात, ते ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने कागदावर खोचून ठेवा.

प्लेट बाहेर काढताना फेराइट रॉडकडे लक्ष द्या. त्या काळ्या कांडीवर गुंडाळलेली तार म्हणजे केसासारख्या अनेक बारीक तारांचा पीळ असतो. ती तार तुटली किंवा तिच्यातल्या निम्म्याच तारांना सोल्डर लागलं, तर मीडियम वेव्ह मेल्यासारखं होतं, आणि शॉर्टवेव्ह मात्र ठीक चालतं. तुटलेली तार जोडायची असेल तर टोकावरचं इनॅमल बारीक पॉलिश पेपरने अगदी हलक्या हाताने काढा आणि सगळ्या तारा एकत्र चकाकेपर्यंत सोल्डर पाजा.

डायलच्या काचेला अल्कोहोल लावू नका, थिनर तर मुळीच नाही. मागच्या बाजूने छापलेली अक्षरं आणि आकडे एका फटक्यात पुसले जातात आणि ते परत आणता येत नाहीत. छापील बाजू कोरड्या मऊ ब्रशने झटकायची, पुढची बाजू ओल्या कापडाने. कॅबिनेटला कोमट पाणी आणि भांडी घासायचं साबण पुरेसं. चामड्याच्या कव्हरवर बुरशी असेल तर ते उन्हात न ठेवता सावलीत वाऱ्यावर दोन दिवस ठेवा, मग ब्रश करा.

सेलचा कप्पा

जुन्या जस्त-कार्बन सेलमधून जो चिकट पांढरा-हिरवा राप बाहेर येतो तो आम्लधर्मी असतो. त्याला खाण्याच्या सोड्याची पेस्ट लावायची, थोडी फसफसू द्यायची, मग ओल्या कापसाने पुसायची. कोणी पुढे अल्कलाइन सेल वापरले असतील आणि ते गळले असतील, तर तो राप उलट अल्कधर्मी असतो. त्याला लिंबाचा रस किंवा व्हिनेगर. कोणते सेल होते हे कळत नसेल तर कोपऱ्यात एक थेंब लिंबू टाकून बघा, फसफसलं तर लिंबू, नाही तर सोडा. शेवटी अल्कोहोलने पुसून पूर्ण कोरडं करा.

पट्ट्या आणि स्प्रिंगा बारीक पॉलिश पेपरने चकचकीत करा आणि शक्य असेल तिथे सोल्डरचा पातळ थर चढवा. आता मीटरने सेलच्या पट्टीपासून प्लेटवरच्या वायरीपर्यंत ओहम मोजा. वायर बाहेरून अखंड दिसते, पण राप इन्सुलेशनच्या आतून वर चढतो आणि तांबं काळं भुगा करून टाकतो. वायरीचं टोक सोलल्यावर आत काळं दिसलं तर ती वायर सगळीच बदला, काळं तांबं सोल्डर घेत नाही.

पहिल्यांदा वीज देताना

खटका बंद ठेवा आणि सेल घाला. खटका आवाजाच्या बटणातच असतो, त्याच्या मागच्या दोन टोकांना मिलिअँपिअरवर ठेवलेलं मीटर लावा, मीटरच्या एका वायरीत ४७ ओहमचा एक वॉटचा रेझिस्टर जोडून. खटका बंद असल्याने सगळा करंट मीटरमधून आणि रेझिस्टरमधूनच जातो. आत पूर्ण शॉर्ट असला तरी ६ व्होल्टला ४७ ओहममधून साधारण १२८ मिलिअँपिअरपेक्षा जास्त करंट जाऊ शकत नाही, म्हणून काही जळत नाही.

आवाज पूर्ण कमी असताना या प्रकारचा सेट १० ते २० मिलिअँपिअर खातो. तेवढा दिसला तर रेझिस्टर काढून टाका आणि पुढे चला. ८०-१०० दिसला तर लगेच काढा: मोठा इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर शॉर्ट किंवा आउटपुटचा ट्रान्झिस्टर गेलेला. शून्य दिसला तर वायर किंवा पट्टीकडे परत जा.

एक गोष्ट इथे पक्की तपासा: सेलचं कोणतं टोक अर्थ आहे, म्हणजे चासीला जोडलेलं आहे. ओसी किंवा एएफ मालिकेचे जर्मेनियम ट्रान्झिस्टर असलेल्या बऱ्याच सेटमध्ये पॉझिटिव्ह टोक चासीला असतं. सगळं उलट दिसतं आणि मग नवे कंडेन्सर उलटे बसवले जातात. मोबाइलचा चार्जर वापरून सेट चालवण्याचा मोह टाळा. त्यातून शॉर्टवेव्हभर इतकी घरघर येते की दुरुस्त झालेला सेटही बिघडलेला वाटतो.

काहीच आवाज नाही

करंट बरोबर आहे, पण स्पीकर मुका. इथे मी पहिल्यांदा इअरफोनचं सॉकेट बघतो. त्यात एक पितळी पट्टी असते जी पिन घातली की उचलली जाते आणि स्पीकर तोडते. वर्षानुवर्षं पिन न घातल्यामुळे ती जागा ऑक्सिडाइज होते आणि स्पीकर कायमचा तुटलेला राहतो. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा आणि एक जुनी पिन वीस-तीस वेळा घाला-काढा. अनेकदा सगळी दुरुस्ती तेवढीच असते. घाईचं असेल तर सॉकेटच्या त्या दोन टोकांना तात्पुरती वायर जोडून बघा.

मग स्पीकर. त्याची एक वायर सोडवून १.५ व्होल्टच्या सेलने क्षणभर टोकांना स्पर्श करा. ‘खट्ट’ असा स्वच्छ आवाज आला तर कॉइल शाबूत आहे. घासल्यासारखा आवाज आला तर कोन हलकेच दोन बोटांनी सरळ दाबून बघा, आत कचरा किंवा गंज असेल तर खरखर जाणवते. कागदी कोनला चीर असेल तर टिश्यू पेपरचा तुकडा आणि पाणी घातलेला फेव्हिकॉल, दोन्ही बाजूंनी पातळ थर. जाड थर दिला तर स्पीकर बोजड वाजतो.

यानंतर सेटचे दोन भाग करायचे आणि बिघाड कोणत्या भागात आहे ते ठरवायचं. सीमा म्हणजे व्हॉल्यूम कंट्रोल. आवाज अर्धा वाढवा आणि त्याच्या मधल्या पायाला पेचकसाच्या टोकाने स्पर्श करा, बोट धातूला लागू द्या. स्पीकरमधून गूं किंवा ठळक खट्ट असा आवाज आला तर ऑडिओ भाग जिवंत आहे आणि बिघाड त्याच्या अलीकडे, म्हणजे एरियलच्या बाजूला आहे. काहीच आलं नाही तर बिघाड स्पीकरच्या बाजूला. जास्त खात्री हवी असेल तर मोबाइलच्या इअरफोनमधून गाणं घ्या, मध्ये १० किलोओहमचा रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर जोडा, आणि व्हॉल्यूम कंट्रोलच्या गरम, म्हणजे अर्थ नसलेल्या, टोकाला द्या. गाणं नीट ऐकू आलं तर पुढचा अर्धा सेट तपासायचाच नाही.

मी सिग्नल टोचण्यासाठी एक छोटं यंत्र करून ठेवलं आहे: दोन बीसी ५४७ ट्रान्झिस्टर (पाय तीन: कलेक्टर, बेस, एमिटर), कलेक्टरला दोन १ किलोओहमचे रेझिस्टर, बेसला दोन ४७ किलोओहमचे, आडवे (एकाच्या कलेक्टरपासून दुसऱ्याच्या बेसला) दोन ०.०१ मायक्रोफॅरडचे कंडेन्सर, आणि १.५ व्होल्टचा एक सेल. हा साधा मल्टिव्हायब्रेटर दीड किलोहर्ट्झच्या आसपास बोंबलतो, आणि त्याच्या चौकोनी लहरीत इतके हार्मोनिक (पटीतल्या वरच्या फ्रिक्वेन्सी) असतात की तो आयएफच्या भागातही (एरियल आणि ऑडिओ यांच्या मधल्या भागातही) ऐकू येतो. स्पीकरकडून सुरुवात करून एक-एक ट्रान्झिस्टरच्या बेसला टोचत मागे जायचं. जिथे आवाज गायब होतो तो टप्पा पकडायचा. संध्याकाळभराचं काम तासात होतं, म्हणून हे आधी बनवा असा माझा आग्रह आहे.

व्हॉल्यूम कंट्रोल फिरवताना खरखरतो? त्याच्या पत्र्याच्या खाचेतून क्लीनरचा एक छोटा फवारा आणि टोकापासून टोकापर्यंत तीस-चाळीस वेळा फिरवणं, बास. बँड स्विचलाही तेच. पण गँगमध्ये, म्हणजे स्टेशन लावायच्या कंडेन्सरमध्ये, फवारा कधीही नको. प्लास्टिकच्या पातळ पडद्याची गँग असेल तर ती कायमची बिघडते. उघड्या पत्र्यांची असेल तर मऊ ब्रशने धूळ काढा आणि दांड्याला टेकणाऱ्या स्प्रिंगवर क्लीनरचा एकच थेंब द्या. डायल फिरवताना एका ठराविक जागीच कडकड होत असेल तर गँगचे पत्रे तिथे एकमेकांना लागताहेत.

कंडेन्सर

इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर म्हातारे होतात, यात वाद नाही. आतलं द्रव सुकतं आणि क्षमता घटते. या सेटमध्ये ते आठ-दहा असतात. मी ते सगळे बदलतो, पण एका वेळी एकच, आणि प्रत्येक वेळी सेट चालू करून ऐकतो. त्यामुळे चूक झाली तर ती कुठे झाली हे लगेच कळतं. जुना १० व्होल्टचा असेल तर नवा १६ किंवा २५ व्होल्टचा चालतो. क्षमता तेवढीच ठेवा, ५ मायक्रोफॅरडच्या जागी ४.७ चालतो.

कानाने ओळखायचं असेल तर: आवाज लांबून आल्यासारखा बारीक असेल तर ट्रान्झिस्टरांमधला जोडणारा कंडेन्सर. आवाज वाढवला की मोटरबोटीसारखं फट-फट-फट सुरू होत असेल तर सेलच्या लाइनवरचा १०० मायक्रोफॅरडचा किंवा त्याहून मोठा कंडेन्सर. सेल जुने होऊ लागले की हेच आधी दिसतं. जोरदार स्टेशन फाटल्यासारखं येत असेल किंवा प्रत्येक स्टेशनबरोबर शिट्टी येत असेल तर डिटेक्टरजवळचा (सिग्नलमधून आवाज वेगळा काढणाऱ्या भागाजवळचा) एजीसीचा, म्हणजे आवाज आपोआप सारखा ठेवणारा, कंडेन्सर, बहुधा १० मायक्रोफॅरडचा.

सिरॅमिक आणि पारदर्शक पॉलिस्टायरीनच्या कंडेन्सरना हात लावू नका. ते टिकतात, आणि पॉलिस्टायरीनला आयर्नची उष्णता लागली तर त्याची क्षमता बदलते आणि ट्यूनिंग सरकतं.

तपकिरी प्लेटवर सोल्डर करताना दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकू नका, तांब्याची रेघ उचलली जाते. जुने सांधे भिंगातून बघा. जड भागांच्या पायांभोवती, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, गँग, सॉकेट यांच्याभोवती, बारीक गोल चीर दिसते. सेट टिचकी मारल्यावर वाजतो आणि मग बंद होतो, त्याचं कारण तिथेच असतं. जुनं सोल्डर ओढून घ्या आणि नवं द्या.

खरखर आहे, पण स्टेशन नाही

ऑडिओ जिवंत, पण डायलभर फक्त सूं. आधी खात्री करा की हवेत काही आहे का. ज्या वेळी तुम्ही बसला आहात त्या वेळी दुसऱ्या चांगल्या रेडिओवर त्याच बँडवर काय लागतं ते ऐका. जुन्या डायलवर पेनाने केलेल्या खुणा असतात, सिलोनची जागा, बीबीसीची जागा. बीबीसी हिंदीचं शॉर्टवेव्ह प्रसारण ३१ जानेवारी २०२० ला थांबलं. त्या खुणेवर आता शांतता असेल तर तो सेटचा दोष नाही. दिवसा १९ आणि २५ मीटर, अंधार पडल्यावर ३१, ४१ आणि ४९ मीटर, अशी वाट धरा.

दुसरा रेडिओ स्टेशन घेतो आणि हा घेत नाही, तर संशय लोकल ऑसिलेटरवर. थोडं समजून घेऊ. या सेटमध्ये आतला ऑसिलेटर नेहमी स्टेशनपेक्षा ४५५ किलोहर्ट्झ वर चालतो, आणि दोन्हींच्या वजाबाकीतून निघणारी ४५५ची आयएफ पुढे वाढवली जाते. ऑसिलेटर थांबला की वजाबाकी नाही आणि स्टेशनही नाही. तो चालू आहे का हे बघायला ऑसिलोस्कोप लागत नाही, शेजारी ठेवलेला दुसरा रेडिओ पुरतो.

आकाशवाणी मुंबईचं १०४४ किलोहर्ट्झ दुसऱ्या रेडिओवर लावा. दुरुस्तीचा सेट अगदी जवळ ठेवा आणि मीडियम वेव्हवर त्याचा काटा ५८९च्या आसपास हळू हळू फिरवा. ५८९ आणि ४५५ मिळून १०४४ होतात, म्हणून त्या जागी दुसऱ्या रेडिओतून वरून खाली घसरत जाणारी शिट्टी ऐकू यायला हवी. शिट्टी आली तर ऑसिलेटर जिवंत. तुमच्या भागात जे स्टेशन लागतं ते घ्या आणि त्यातून ४५५ वजा करा. दिवसा काहीच लागत नसेल तर रात्री लांबचं कुठलंही स्टेशन चालेल. शॉर्टवेव्हवरही असंच. ९.६ मेगाहर्ट्झचं स्टेशन दुसऱ्या रेडिओवर असेल तर या सेटचा काटा ९.१४५ जवळ फिरवायचा.

मीडियम वेव्ह चालतं आणि शॉर्टवेव्ह नाही, अशी तक्रार मला सगळ्यात जास्त ऐकू येते. तिथे ऑसिलेटरची परीक्षा कठीण असते. फ्रिक्वेन्सी जितकी वर तितका ट्रान्झिस्टरला ऑसिलेट होत राहणं अवघड. त्यामुळे सेल ४-४.५ व्होल्टवर आले की शॉर्टवेव्हचं वरचं टोक आधी जातं, मग सगळं शॉर्टवेव्ह, आणि मीडियम वेव्ह मात्र शेवटपर्यंत गात राहतं. म्हणून पहिलं काम ताजे सेल. दुसरं काम बँड स्विच: त्याच्या दोन-चार पट्ट्या काळ्या पडल्या की ऑसिलेटरची शॉर्टवेव्हची कॉइल जोडलीच जात नाही. क्लीनर मारून स्विच चांगला चाळीस वेळा मागे-पुढे करा. तिसरं काम एरियलच्या बुडाशी असलेली वायर: एरियल फिरवता फिरवता ती स्क्रूपाशी तुटते. यातून निभावलं नाही तरच कन्व्हर्टरच्या, म्हणजे ऑसिलेटर चालवून ती वजाबाकी करणाऱ्या, ट्रान्झिस्टरकडे वळा.

ट्रान्झिस्टर मोजताना

सेट चालू ठेवून बेस आणि एमिटर यांच्यामध्ये व्होल्टेज मोजा. बीएफ १९४, बीएफ १९५, बीसी १४८ असे सिलिकॉन असतील तर ०.६ ते ०.७ व्होल्ट. एसी १८७, एसी १८८, एसी १२८ असे जर्मेनियम असतील तर ०.१ ते ०.३ व्होल्ट. सिलिकॉनवर एक-दोन व्होल्ट दिसले तर आतला जोड तुटला आहे, शून्य दिसलं तर शॉर्ट किंवा बेसला मिळणारा करंट बंद. याच एका मोजणीने बहुतेक मेलेले ट्रान्झिस्टर पकडता येतात.

आउटपुटला जर्मेनियमची जोडी असेल तर दोन्ही एकत्रच बदला, शक्यतो सारख्या गुणांची. आवाज कमी असताना शब्दांच्या कडा फाटतात, आणि आवाज वाढवला की सुधारतं, असं असेल तर त्या जोडीला मिळणारा बायस (सतत दिलेला थोडासा करंट) कमी झालाय. त्यांच्या बेसच्या रेझिस्टरांचे ओहम मोजा, बऱ्याचदा एक वाढलेला सापडतो.

साठच्या दशकातल्या सेटमध्ये एएफ ११४ ते एएफ ११७ हे चार पायांचे ट्रान्झिस्टर असतील तर त्यांची एक खास व्याधी आहे. डब्याच्या आत कथिलाचे केसासारखे बारीक तंतू वाढतात आणि आतला एखादा पाय डब्याला चिकटतो. चौथा पाय म्हणजे डबा, तो अर्थला जोडलेला, म्हणून सिग्नल थेट जमिनीत जातो. तो चौथा पाय कापून टाका. तंतू एकाच पायाला लागला असेल तर सेट तिथल्या तिथे वाजू लागतो. दोन पायांना लागला असेल तर ट्रान्झिस्टर बदलावाच लागतो.

डायलचा दोरा

दोरा निसटत असेल तर तेल लावू नका. राळेची पूड बोटाने चोळा. तुटला असेल तर विणलेला, न ताणणारा बारीक दोरा घ्या. मासेमारीची विणलेली दोरी चांगली चालते, प्लास्टिकची एकतारी दोरी घसरते. गँग पूर्ण मिटवून ठेवा, मग मोठ्या चाकाच्या स्प्रिंगपासून सुरुवात करा, फोटो बघत पुल्यांवरून या, बटणाच्या दांड्यावर अडीच किंवा तीन वेढे, आणि परत स्प्रिंगला. स्प्रिंग साधारण दीडपट ताणली गेली पाहिजे. दोन माणसं असली तर हे काम सोपं. एकटं असाल तर प्रत्येक पुलीवर दोरा चिकटपट्टीने धरून ठेवा. काटा सगळ्यात शेवटी, पहिल्या फोटोतल्या जागेवर.

कॉइलचे स्क्रू

इथपर्यंत आल्यावर सेट वाजत असेल आणि स्टेशनं डायलवर जवळपास आपल्या जागी येत असतील, तर कॉइलच्या रंगीत स्क्रूंना हात लावू नका. ते कारखान्यात बसवलेले असतात आणि आपोआप फिरत नाहीत. मी सुरुवातीच्या काळात एका सेटचे सगळे आयएफचे स्क्रू ‘घट्ट’ केले होते. तो सेट पुन्हा जागेवर आणायला मला तीन रविवार लागले.

आधी कोणीतरी ते फिरवलेले असतील किंवा ऑसिलेटरची कॉइल बदलली असेल, तरच अलाइनमेंट, म्हणजे हे स्क्रू पुन्हा जुळवणं. धातूचा पेचकस नको, त्याच्या जवळ येण्यानेच ट्यूनिंग बदलतं आणि फेराइटचा नाजूक स्क्रू चिरतो. प्लास्टिकच्या विणायच्या सुईचं टोक किंवा बांबूची काडी घासून चपटी करून घ्या.

बारीक पण स्थिर स्टेशन लावा, आवाज कमी ठेवा, आणि आयएफचे स्क्रू डिटेक्टरच्या बाजूने मागे येत एक-एक करून आवाज वाढेल तसे फिरवा. पाव वळणापेक्षा जास्त लागतंय असं वाटलं तर थांबा, काहीतरी वेगळं बिघडलंय. मग डायल: बँडच्या खालच्या टोकाला ऑसिलेटरची कॉइल फिरवून स्टेशन आकड्यावर आणायचं, वरच्या टोकाला ट्रिमर (स्क्रूने फिरणारा छोटा कंडेन्सर) फिरवून. एकाने दुसरं थोडं सरकतं, म्हणून चार-पाच फेऱ्या कराव्या लागतात. त्यानंतर एरियलची कॉइल आणि तिचा ट्रिमर, आवाज जास्तीत जास्त येईपर्यंत.

शॉर्टवेव्हवर खुणेसाठी चीनचं बीपीएम हे वेळ सांगणारं केंद्र फार उपयोगाचं आहे. ते ५, १० आणि १५ मेगाहर्ट्झवर सेकंदासेकंदाला टिक-टिक पाठवतं. १० मेगाहर्ट्झची टिक डायलच्या १० वर आणली की त्या भागाचा डायल जुळला. एक फसवी जागा मात्र आहे. शॉर्टवेव्हवर ऑसिलेटरचा ट्रिमर फिरवताना तेच स्टेशन दोन ठिकाणी लागतं, कारण ऑसिलेटर स्टेशनच्या ४५५ वर असला तरी वजाबाकी तीच आणि ४५५ खाली असला तरी तीच. ट्रिमर जिथे जास्त उघडा असतो, म्हणजे क्षमता कमी असते, ती जागा खरी. चुकीची धरली तर सगळी स्टेशनं ९१० किलोहर्ट्झने सरकलेली दिसतात.

घरातली खरखर

सेट जुळवून झाला आणि तरी शॉर्टवेव्ह गुरगुरतंय? आता दोष घरात शोधा. एलईडीचे दिवे, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर, वायफायच्या पेटीचा अडॅप्टर, हे सगळे शॉर्टवेव्हवर बोलत असतात. वीज गेल्यावर रेडिओ एकदम निर्मळ झाला तर तुमचं उत्तर मिळालं. मग मुख्य स्विच चालू ठेवून एक-एक वस्तू बंद करत जा, गुन्हेगार सापडतो. खिडकीबाहेर पाच ते दहा मीटर साधी इन्सुलेटेड वायर टाकून ती एरियलला चिमट्याने लावली की फरक ऐकू येतो. वीज कडाडत असेल तर ती वायर काढून घ्या.

सगळं परत बसवण्याआधी सेट उघडाच दोन तास चालू ठेवा आणि दर अर्ध्या तासाने करंट बघा. हळू हळू चढत असेल तर आउटपुटचा जर्मेनियम ट्रान्झिस्टर गरम होऊन गळतोय, तो बोटाने तपासा. करंट स्थिर राहिला तर झाकण लावा. मी आत एक कागदाची चिठ्ठी चिकटवतो: तारीख, बदललेले कंडेन्सर, शांत असताना किती मिलिअँपिअर होते. सेट रोज वाजणार नसेल तर सेल काढून वेगळ्या पिशवीत ठेवा, पिशवी कव्हरलाच बांधा.